तहानेचा भूगोल

शाळेत मास्तरांनी वैनगंगा आमच्या डोक्यात घालायचा आटोकाट प्रयत्न केला, पण कुठून निघते नि कुठे मिळते, काही टिकलं नाही. शेवटी सरकारने शिकवलं. अलीकडे चंद्रपूर ओला, पलीकडे गडचिरोली कोरडा. पावसाचा काही संबंध नाही.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती कुण्या मंत्र्याला साक्षात्कार झाला म्हणून नव्हे, गावोगावच्या लोकांनी रेटा लावला म्हणून आली. मग चंद्रपूरच्या बायकांनी मनावर घेतलं. 2010 च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. बंदी लागू व्हायला 2015 चा एप्रिल उजाडला. बायका चालत गेल्या होत्या. फाईल बसून होती.

बंदीत आमचा भूगोल आणखी पक्का झाला. शेजारचा वर्धा जिल्हा आधीपासूनच कोरडा, म्हणून वर्धा नदी ओलांडून वणी गाठायची. वणी यवतमाळ जिल्ह्यात येते, हे तेव्हा पोराटोरांनाही पाठ झालं. पकडलेल्या बाटल्यांवरून रोडरोलर फिरायचा. आमच्या गल्लीच्या रस्त्याला ज्या यंत्राचं कधी दर्शन झालं नाही, ते बाटल्यांना विनाअर्ज मिळालं. 2018 च्या नोव्हेंबरात नागभीडकडे दारू तस्करांच्या गाडीने एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं. पुढे बंदीने बुडालेल्या महसुलाचे हिशेब पुष्कळ झाले. त्यात तो उपनिरीक्षक कुठल्या रकान्यात धरला, कोण जाणे.

मग समिती बसली. बंदी असूनही दारू मिळते, अवैध धंदा वाढला, गुन्हे वाढले. सबब बंदी फसली. 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली. तर्क मला फार आवडला. सागवान चोरीला जातं, तेव्हा जंगलखातं बंद करावं. ताडोब्याचा वाघ हद्द पाळत नाही, तेव्हा त्याला गावचा रहिवासी दाखला द्यावा. जुलैत दुकानं उघडली, तेव्हा एका बारमालकाने पालकमंत्र्यांच्या फोटोला ओवाळलं. नवरा पगाराच्या दिवशी शुद्धीत घरी आला, तर त्याला कोणी ओवाळत नाही. तिथे महसूल नाही ना.

आता पूल वैनगंगेचा, आणि तहानेची दिशाही बदलली. पलीकडचे अलीकडे येतात. ज्यांना तेवढंही जमत नाही, त्यांच्यासाठी नाल्याकाठी हातभट्टी आहेच. मोहफुलाचा यात दोष नाही. ते बिचारं चैत्रात गळतं, आदिवासी घराला दोन पैसे देतं, देवापुढेही जातं. मडक्यात सडवा कोण घालतं, शहरात कोण पोचवतं, ते फुलाला विचारून काय उपयोग?

हे सगळं तावातावाने मी गडचिरोलीकडच्या एका गावात सांगत होतो. तिथल्या बायकांनी सकाळीच सडव्याची मडकी फोडली होती. हाताला वास अजून होता. एक म्हातारी शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं.

“अन् ह्ये का आहे जी?”

पन्नीत घोटलेला ताजा खर्रा होता. सुपारी, चुना, तंबाखू. मी म्हटलं, “हे वेगळं आहे, आजी.”

सगळ्या बायका हसल्या. हे उत्तर त्यांनी बहुतेक त्या दिवशी आधीही ऐकलं असावं.