टेम्पो घ्यावा पितृपक्षात

कांदिवलीत पिकअपला कोणी पिकअप म्हणत नाही. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, की झाला टेम्पो. ज्या कंपनीमुळे हा शब्द आपल्या तोंडी बसला त्या पुण्याच्या बजाज टेम्पोने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. त्याच साली टाटांचा एस आला आणि लोकांनी त्याला छोटा हत्ती करून टाकलं. पण पोयसरच्या नाक्यावर भाड्याची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, त्याच्याकडे टेम्पोच असतो. म्हणून इच्छुकांना पहिली सूचना: शोरूममध्ये ‘पिकअप’ म्हणावं आणि घरी ‘टेम्पो’. शोरूममध्ये टेम्पो म्हणणारा अडाणी ठरतो आणि त्याला जास्त भाव सांगतात. घरी पिकअप म्हणणारा श्रीमंत ठरतो आणि त्याच्याकडे उसने मागतात.

हे मार्गदर्शन करायचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. मी आयुष्यात टेम्पो घेतलेला नाही. पण २०२५ च्या गणपतीनंतर माझ्या मेहुण्यांनी घेतला, तेव्हा शोरूमच्या सोफ्यावर मी त्यांच्या शेजारी पाच वेळा बसलो आणि मशीनचे अकरा चहा प्यायलो. मेहुण्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. गणपतीची बिलं वसूल होऊन हातात चार पैसे आलेले, आणि पंधरा दिवसांवर नवरात्र. कांदिवली-बोरिवलीत नवरात्र म्हणजे काय हे मंडपवाल्याला विचारावं. जिकडे मोकळी जागा तिकडे गरबा, आणि जिकडे गरबा तिकडे बांबू, कनाती, खुर्च्या. जुन्या गाडीची अवस्था अशी की रिव्हर्स टाकायला खाली उतरून धक्का मारावा लागे.

आता मुहूर्त. शास्त्र असं सांगतं की वाहन दसऱ्याला, पाडव्याला, नाहीतर अक्षय्य तृतीयेला घ्यावं. हे शास्त्र शोरूमवाल्यांनाही ठाऊक असतं. दसऱ्याला हार घेऊन आलेल्या माणसाने भाव केला तर घरचेच त्याला गप्प करतात, ‘आजच्या दिवशी कशाला कटकट?’ उलट पितृपक्षात शोरूममध्ये माशी फिरकत नाही. सेल्समन गाडी पुसतो, पुसलेली गाडी पुन्हा पुसतो, आणि दार ढकलून कोणी आत आलं तर पत्ता विचारायला आलं असेल असं समजतो. घासाघीस करायची ती याच पंधरवड्यात. बोलणी पितरांच्या साक्षीने, डिलिव्हरी देवीच्या.

२०२५ साली या शास्त्रात केंद्र सरकारने हस्तक्षेप केला. गणपती बसलेलेच होते, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ठरवलं की मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के. लागू कधीपासून? २२ सप्टेंबर. म्हणजे सर्वपित्री अमावास्येचा दुसरा दिवस, घटस्थापना. दिल्लीत पंचांग बघतात की नाही मला माहीत नाही, पण ही तारीख बघून सासूबाईंचा सरकारवर प्रथमच विश्वास बसला. करांशिवाय गाडीची किंमत ८ लाख धरली, तर २८ टक्क्यांनी ती १० लाख २४ हजार होते आणि १८ टक्क्यांनी ९ लाख ४४ हजार. ऐंशी हजार. हा हिशेब कळेपर्यंत मेहुण्यांनी तीन बैठकांत, डोळ्यांत पाणी आणून, चार हजार उतरवले होते. सरकारने एकही चहा न पिता ऐंशी हजार उतरवले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

(पुढे त्यांच्या सीएने चहा ढवळत सांगितलं की जीएसटी नंबर असलेल्या धंदेवाल्याला मालवाहू गाडीवर भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेता येतो. खासगी कारला ती सोय नाही, टेम्पोला आहे. ‘तुमचं तसं फारसं काही अडलं नव्हतं,’ असं तो म्हणाला. मेहुणे त्या दिवशीही जेवले नाहीत. तेव्हा सूचना: सीएला गाडी घेण्याआधी भेटावं.)

भाव करताना स्थानिक अभिमान मध्ये आणू नये. मेहुण्यांनी आणला. ‘अकुर्ली रोडला महिंद्राचा कारखाना आहे. आम्ही लहानपणी त्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायचो. गाडी इथेच बाजूला बनते, मग हा ट्रान्सपोर्टचा खर्च कसला?’ सेल्समन नम्रपणे म्हणाला, ‘दादा, ही त्या कंपनीची गाडी नाही. आणि तिथे ट्रॅक्टर बनतात. तुम्हाला ट्रॅक्टर पाहिजे का?’ मेहुण्यांचं ज्ञान अगदीच टाकाऊ नव्हतं. महिंद्रांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला आणि कांदिवलीचं नाव शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. त्याही आधीची गोष्ट मला जास्त आवडते. १९४५ साली कंपनी सुरू झाली ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे छापलेले कागद फुकट गेले नाहीत, असं सांगतात. घासाघीस शिकायची तर अशांकडून.

कोटेशन हातात आलं की नवशिका सगळ्यात वरच्या आकड्याशी भांडतो. तो एक्स-शोरूम आकडा. तिथे फार काही हलत नाही, आणि हललं तरी सेल्समन ते दुसरीकडून भरून काढतो. खरी मंडई त्याच्या खाली भरलेली असते. तिथे अक्षर बारीक होत जातं. रोड टॅक्स हा सरकारचा, त्यावर बोलण्यात अर्थ नाही. विम्यातला थर्ड पार्टीचा भागही सरकारने ठरवलेला. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो २०२२ पासून १६,०४९ रुपये, वर कर. पण विम्याचा दुसरा भाग, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, हा पूर्ण घासाघिशीचा मामला आहे, आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. मेहुण्यांनी बाहेरून विचारलं तर तोच विमा नऊ हजारांनी स्वस्त निघाला. हे ऐकल्यावर शोरूमचाही नऊ हजारांनी स्वस्त झाला. मग आधी महाग का होता, हे विचारू नये. शोरूममध्ये तो प्रश्न असभ्य मानतात.

आणि त्याच्याही खाली एक ओळ होती: ‘हँडलिंग चार्जेस ६,५००’. इथे सासूबाईंचा प्रवेश होतो.

सासूबाई या मार्गदर्शनातलं सर्वांत महत्त्वाचं अवजार आहेत. प्रत्येक कुटुंबात अशी एक बाई असते. ती भेंडीचं शेपूट मोडून बघते, पालकाची जुडी सोडून आतली पानं बघते आणि निघताना कोथिंबिरीला हात घालते. चौथ्या बैठकीला त्या आल्या त्या थेट मंडईतून, पिशवीसकट. पिशवीतून दुधी डोकावत होता.

‘हे हँडलिंग म्हणजे काय रे बाळा?’

‘मावशी, गाडी इथे सांभाळून ठेवतो ना आपण, त्याचा खर्च.’

सासूबाईंनी दुधी बाहेर काढला आणि सेल्समनच्या टेबलावर, कोटेशनवर आडवा ठेवला. ‘हा सकाळपासून बाईच्या टोपलीत होता. तिने माझ्याकडून टोपलीचं भाडं नाही घेतलं.’

सेल्समन म्हणाला, ‘मॅनेजरशी बोलून येतो.’ हा प्रत्येक व्यवहारातला ठरलेला विधी आहे. काचेच्या केबिनमध्ये जायचं, तिथे दोन मिनिटं मान हलवायची, आणि दुःखी चेहऱ्याने परत यायचं. आधीच्या तीन वेळी आम्ही काचेतून बघितलं होतं, दोघं वडापाव वाटून खात होते. या वेळी सासूबाई म्हणाल्या, ‘तू कशाला हेलपाटा घालतोस, मीच बोलते,’ आणि त्याच्या आधी केबिनमध्ये पोचल्या. आत काय झालं ते कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा हँडलिंगची ओळ पेनाने खोडलेली होती आणि पिशवीत कंपनीची दोन कॅलेंडरं होती. सप्टेंबर महिना.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र कोणत्याही माहितीपुस्तकात असायला हवा. ‘शिळी नाही ना?’ सेल्समन म्हणाला एकदम फ्रेश पीस आहे. सासूबाई ‘फ्रेश’ या शब्दाला भुलणाऱ्या नव्हेत. बर्फातल्या सुरमईबद्दलही लोक तेच म्हणतात. गाडी कधी बनली हे लपवता येत नाही. चासी नंबरात त्याची खूण असते, आणि विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. पैसे भरण्याआधी त्याचा मसुदा मागितला की काम होतं. आमची गाडी निघाली जानेवारीची. आठ महिने यार्डात, त्यातला सगळा पावसाळा उघड्यावर. सासूबाईंनी टायरवर नख दाबून बघितलं. त्यातून त्यांना काय कळलं असेल ते असो, सेल्समनचा चेहरा उतरला. बारा हजार तिथल्या तिथे कमी झाले आणि बॅटरी नवीन मिळाली.

कर्जाचं प्रकरण गंभीर आहे, म्हणून तिथे थोडा गंभीर होतो. शोरूमच्या कोपऱ्यात टाय लावलेला एक मुलगा बसलेला असतो. तो ‘फक्त ७ टक्के’ म्हणतो आणि ‘फ्लॅट’ हा शब्द खोकल्यात गिळतो. फ्लॅट म्हणजे तुम्ही फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या रकमेवर. ८ लाखांवर ७ टक्के फ्लॅट, चार वर्षं, म्हणजे २ लाख २४ हजार व्याज आणि २१,३३३ चा हप्ता. बँकेच्या भाषेत हा दर पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास जातो. तेच ८ लाख घटत्या शिलकीवर साडेदहा टक्क्यांनी घेतले तर हप्ता २०,४८३. ऐकायला सात आणि साडेदहा, पण साडेदहा स्वस्त! महिन्याला साडेआठशे, चार वर्षांत चाळीस हजारांच्या वर. मेहुणे पायाखालच्या मॅटसाठी पाऊण तास भांडले होते, ती मॅट आठशेची. हे गणित मी सोफ्यावर बसून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केलं. पाच बैठकांतलं माझं एवढंच योगदान, ते नोंदवून ठेवतो, कारण घरात कोणी नोंदवलं नाही. कर्ज शेवटी बँकेचं घेतलं.

ॲक्सेसरीजविषयी थोडक्यात: हौद्याला ताडपत्री मागावी, बाकी काही मागू नये. म्युझिक सिस्टिम मागणाऱ्याला ताडपत्री मिळत नाही.

बिल घटस्थापनेनंतरचं, डिलिव्हरी दसऱ्याला, २ ऑक्टोबरला. शोरूमसमोर एवढी गर्दी की आमच्या पूजेचा नारळ शेजारच्या रिक्षावाल्याच्या हारावर फुटला. नवरात्रीला गाडी हवी म्हणून एवढी धावपळ केली आणि नवरात्र त्या जुन्या, धक्का मारायच्या गाडीवरच पार पडलं. सासूबाईंनी मुहूर्ताबाबत घासाघीस करू दिली नाही. एमएच ४७ चा पिवळा नंबर लागला, बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली चार लिंबं. लिंबं फुकट मिळाली का, हे त्यांनी मला हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर त्यांचं लक्ष लागेना.

संध्याकाळी सोसायटीखाली शेजारच्या विंगमधले केटरर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, हौद्यावर टिचकी वाजवली आणि विचारलं, ‘कितीला पडली?’

मेहुण्यांनी पंचवीस हजार कमी करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेल्समनचा फोन. ‘दादा, तुमच्याकडचे एक जण इथे येऊन बसलेत. तुम्ही त्यांना काय आकडा सांगितलात? ते उठतच नाहीत.’ मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, ‘भावजी, आता काय सांगू?’ तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, ‘ताडपत्रीचं नाही ना सांगितलंस त्यांना?’