सशाच्या पिसवा: शास्त्रोक्त निर्मूलन

पूर्वतयारी म्हणून आधी आप्तांचा बंदोबस्त करावा. सोनकच्छ पडले इंदूर-भोपाळ रस्त्यावर. जाणारा-येणारा चहाला उतरतो आणि सशाकडे बघून उपाय सांगून जातो. आमच्या आतोबांचे उपाय तीन: डांबराच्या गोळ्या, तंबाखूचे पाणी, रॉकेल. पिसवांचे सांगवत नाही, ससा मात्र जायचा.

निदान: लिखांच्या फणीने केस विंचरावेत आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे सशाचेच पचलेले रक्त. हा प्रयोग पाहुणे पोहे खात असताना करू नये. किंवा तेव्हाच करावा.

आंघोळ घालू नये. भेदरून आणि गारठून ससा दगावू शकतो.

आता औषध. कुत्र्यामांजरांच्या मानेवर टाकतात त्या फिप्रोनिलचा थेंबही सशाला लावू नये, ते त्याला विषच. ‘मांजराला चालतं, मग याला का नको?’ आतोबा, ससा म्हणजे लांब कानांचे मांजर नव्हे हो! सेलामेक्टिन देतात, पण सशाचे वजन करून आणि डॉक्टरांनी सांगितले तरच. इकडच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. शंका असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे.

घरातल्या सशावर सापडते ती पिसू बहुतेकदा मांजराची असते. म्हणजे ओटीवर येणाऱ्या मनीचाही इलाज करणे आले. (तिला बशीत दूध कोण ओततो, हे आतोबांनी सांगावे.)

अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या, कोश सतरंजीत आणि फरशीच्या फटींत. कोशातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागली की बाहेर. दिवाळीला पुण्याला जाऊन आल्यावर बंद घर चावते ते यामुळे. तेव्हा अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत, फटी रोज झाडाव्यात, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा चावल्या तरी औषधाला शिव्या देऊ नयेत. त्या कोशातल्या नव्या.

इथे आतोबा 1897 चा पुण्याचा प्लेग काढतात. ती उंदरांवरची पिसू, वेगळी. रँडच्या सोजिरांनी घरे उपसली तेव्हा ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती; फ्रेंच डॉक्टर सिमोंने कराचीत तिच्यावर बोट ठेवले ते 1898 साली. हे सांगावे, पण आतोबा थांबतील अशी आशा धरू नये.

सशाने दिवसभर तोंडाला काही लावले नाही तर मात्र पिसवा राहू द्याव्यात आणि ताबडतोब गाडी काढावी. आतोबांना बरोबर घ्यावे. त्याला मांडीवर गप्प बसवणे त्यांनाच जमते.