बुडत्याचे टोक खोलात

फ्लाय फिशिंगच्या दोरीला पुढे दहा-बारा फुटांचा एक जड तुकडा जोडतात, तो स्वतः बुडावा आणि गळाला लावलेली बनावट माशीही खाली न्यावी म्हणून. त्याला सिंकिंग टिप म्हणतात. आपण टोक म्हणू. हे टोक किती जड असावे, या प्रश्नावर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅगिट नदीच्या मांडीभर बर्फगार पाण्यात उभी राहून शहाणीसुरती माणसे कित्येक वर्षे वाद घालत आली आहेत. मासा स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन थोर होऊन परतणारा रेनबो ट्राउट. तो जंगली असेल तर धरल्यावर सोडून द्यायचा, असा तिथला नियम. फळाची आशा अशी आधीच वजा झालेली असल्यामुळे हे शास्त्र अत्यंत शुद्ध राहिले आहे.

पूर्वसूरींची फारशी मदत होत नाही. १४९६ साली वेस्टमिन्स्टरला विंकिन डी वर्डने गळाच्या मासेमारीवर एक इंग्रजी प्रबंध छापला. तो जुलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीचा, असे परंपरा सांगते आणि परंपरेला पुरावा मागण्याची पद्धत नाही. त्यात बारा बनावट माश्यांची वर्णने आहेत, घोड्याच्या केसांची दोरी कशी वळावी तेही आहे, पण टी-१४ नावाच्या जड टोकाचा उल्लेख नाही. १६५३ साली आयझॅक वॉल्टनने या विषयावरचा सर्वांत गाजलेला ग्रंथ काढला, तोही इथे मौन पाळतो. एवढ्या थोरांनी टाळलेला विषय क्षुल्लक असूच शकत नाही.

प्रथम मानविचार. टोकाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. दुकानात टी-८, टी-११, टी-१४, टी-१७ अशी वेटोळी मिळतात. त्यातला आकडा म्हणजे फुटामागे तितके ग्रेन. ज्यांना ग्रेन परका वाटेल त्यांनी इंग्रजी अमदानीतला तोळा आठवावा. तो १८० ग्रेनचा ठरवलेला होता, म्हणजे मासा झाला १५ ग्रेनचा. दहा फूट टी-१४चे १४० ग्रेन भरतात, म्हणजे पाऊण तोळा आणि वर पाच ग्रेन. नऊ मासे पाण्यात घालून संध्याकाळी एकही मासा न घेता घरी जायचे, हा व्यवहार कोणत्याही सराफाला पटणार नाही. स्कॅगिटवर तो हंगामभर चालतो.

आता वेगविचार. टी-८ सेकंदाला सहा ते सात इंच बुडते, टी-१४ आठ ते नऊ, असे बनवणारेच सांगतात. नीट पाहा: वजन पाऊणपटीने वाढले, बुडण्याचा वेग मात्र जेमतेम एक तृतीयांशाने. कारण उघड आहे. पूर्वी दोरीच्या पोटात शिसे घालत, हल्ली तिच्या प्लॅस्टिकच्या आवरणात टंगस्टनची पूड मिसळतात. टंगस्टन शिशापेक्षा कितीतरी घन खरे, पण पूड वाढवली की टोक जाड होते आणि जाड अंगाला पाणी जास्त अडवते. तेव्हा टी-८ सोडून टी-१४ घेणारा माणूस सेकंदाला दोन इंच विकत घेतो, आणि त्यासाठी दिवसभर खांदा दुखवून घेतो.

शिवाय हे इंच साचलेल्या पाण्यात मोजलेले. साचलेल्या पाण्यात स्टीलहेड नसतो. तो चालत्या माणसाच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यात उभा राहतो, असा तिथल्या जुन्याजाणत्यांचा ठोकताळा आहे. मग हिशेब करा. पाणी सेकंदाला चार फूट वाहते आहे आणि टोक चार फूट खोल न्यायचे आहे. सेकंदाला आठ इंच धरले तर सहा सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात पाणी टोकाला चोवीस फूट खाली घेऊन गेलेले असेल. तेही दोरी सैल असेल तर! दोरी ताठ झाली की टोक बुडायचे थांबते आणि वर उठू लागते. संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ढील दिली की पतंग खाली बसतो, ओढून धरला की चढतो. टोकाची किंमत दुकानदार घेतो, पण टोकाला बुडवते ती ढीलच, आणि ती फुकट असल्यामुळे तिच्यावर कोणी चर्चा करत नाही.

इथवर पाणी एकसारखे वाहते असे धरले होते. प्रत्यक्षात स्कॅगिट एक नदी नाहीच. रॉकपोर्ट गावाशी तिला सॉक नदी मिळते. वरच्या स्कॅगिटवर रॉस, डायाब्लो आणि गॉर्ज ही तीन धरणे आहेत, सिएटल शहराच्या वीजखात्याची. सॉकवर धरण नाही. तिला ग्लेशियर पीकचे हिमनद्यांचे गाळमिश्रित पाणी सुआटल नदीमार्फत येते. थोडक्यात, संगमाखालच्या पाण्याला दोन मालक: एक शहरातल्या विजेच्या हिशेबाने पाणी सोडतो, दुसरा डोंगरावरच्या उन्हापावसाच्या लहरीने. खालच्या बाजूला काँक्रीट नावाच्या गावाजवळ (गाव खरोखरच सिमेंटच्या कारखान्यांवरून ओळखले जाई) सरकारी मापनकेंद्र आहे, आणि मासेमार पहाटे उठून तिथले क्युसेक वाचतात. खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे वाचून नदीकाठच्या रस्त्यावरची गाडी हलवणाऱ्या पुणेकराला ही सवय परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की पुणेकर आकडा वाढला की गाडी हलवतो आणि हा मासेमार टोक बदलतो.

टोक बदलणे हा स्वतंत्र संस्कार आहे. त्याचे एक पाकीट असते, आत प्लॅस्टिकचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर मार्करने लिहिलेले आकडे. पहिल्याच पावसात आकडे पुसतात. त्यानंतर विद्वान माणूस बधिर झालेल्या अंगठ्यात आणि तर्जनीत टोक फिरवून, डोळे अर्धवट मिटून, ‘अकरा’ असे पुटपुटतो. शेजारचा ‘चौदा’ म्हणतो. तराजू दोघांकडेही नसतो. मग फासात फास अडकवायचा, आधी टोक काढताना घट्ट झालेला फास दाताने सोडवायचा, आणि एवढ्यात पाकीट पाण्यात पडायचे.

या शास्त्रात मुख्य संप्रदाय दोन. जडवादी म्हणतात, तळाशी गेल्याशिवाय मोक्ष नाही. त्यांची माशी दगडात अडकते, तुटते, आणि त्यावरून टोक योग्य होते असे सिद्ध होते. अडकली नाही तर टोक हलके होते, म्हणून आणखी जड लावायचे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो हाच. दुसरा पक्ष विशिष्टाद्वैती. माइक मॅकून, स्कॉट ओ’डॉनेल आणि एड वॉर्ड या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ज्याला ‘मो’ म्हणतात, त्या टोकांत काही फूट तरंगणारे आणि काही फूट बुडणारे असते. बुडणारा भाग कमीजास्त करायचा, पण फेकीचा तोल बिघडू नये म्हणून लांबी साधारण तीच ठेवायची. हा विचार सुबक आहे, आणि त्यामुळे पाकीट दुप्पट जाड होते.

दोन्ही पक्षांची अडचण एकच. फेक पडते मधल्या धावत्या धारेत. तिथून दोरी कमानीसारखी फिरत काठाच्या संथ पाण्यात येते. धारेत जे टोक हलके पडते तेच काठाशी जड होते. एकाच फेकीत, एकाच टोकाने, आधी वर राहून आणि मग तळाला घासून, दोनदा चुकायची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. मधे कुठेतरी ते क्षणभर अचूक खोलीवर असते. त्याच क्षणी त्याच जागी मासा असला तर त्याचे श्रेय टी-१४ला देतात. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फळ पडायला एक गाठ पडली.

पूर्वपक्ष म्हणेल, तरीही खोल गेलेले बरे. नाही. स्टीलहेड माशीसाठी वर येतो, पोटाखालून गेलेल्या माशीकडे सहसा पाहत नाही, असे या नदीवरचे पुष्कळ अनुभवी लोक सांगतात. तळाचा दगड तर काहीच गिळत नाही.

तेव्हा निर्णय असा. माशी जिथे पडते त्या पाण्याकडे पाहून टोक निवडू नये, जिथे पोचते त्या पाण्याकडे पाहून निवडावे. तिथे अधूनमधून दगडाला निसटते लागले तर बरोबर, प्रत्येक फेकीला अडकले तर जड. वरच्या वेगवान धारेचा बंदोबस्त टोकाने होत नाही. तिथे फेक जरा आडवी टाकावी, दोरी पडताच तिचा फुगवटा उचलून प्रवाहाच्या वर टाकावा आणि चार-पाच सेकंद काही ओढू नये. माशीच्या आधीचा नायलॉनचा तुकडा तीन-चार फुटांहून लांब ठेवू नये, नाहीतर टोक खाली आणि माशी वर, असा घटस्फोट होतो. एवढे केले तर दहा फूट टी-११ बहुतेक दिवस पुरते. बाकीची टोके घरी ठेवावीत आणि पाणी बदलले तर टोक न बदलता एक पाऊल खाली सरकावे.

सिएटलकडच्या मराठी वाचकांना एक सूचना. स्कॅगिटचा वसंतातला हंगाम २०१० पासून कैक वर्षे बंद होता, २०१८ साली पुन्हा उघडला, आणि तो दरवर्षी उघडेलच असे नाही. टोक विकत घेण्याआधी राज्याच्या मत्स्यखात्याचा त्या वर्षीचा आदेश वाचावा. गळ काटा नसलेला लागतो.