चौथी गोळी

"गुरुजी, तीन नाई, चार होत्या!"

शेजारच्या भाऊंनी तारेच्या कुंपणापलीकडून आरोळी ठोकली. जानेवारीचा शेवटचा आठवडा, यवतमाळातलं सकाळचं कोवळं ऊन. वैनी ओट्यावर सूप घेऊन तुरीच्या शेंगांचे सोले काढत बसल्या होत्या, सोलेभाताचा बेत असावा. मी नळ येण्याची वाट पाहत अंगणात उभा. नळाची वाट पाहणाऱ्या यवतमाळकराला कोणत्याही विषयावर गप्पा मारायला वेळ असतो.

"कायच्या चार, भाऊ?"

"गोळ्या! गांधीबाबाले तीन नाई, चार गोळ्या लागल्या. चौथी कोनी झाडली थे लपवून ठेवलं. हे पाहा, मोबाईलवर आलं."

"कोणी पाठवलं?"

"माह्या साडभावानं. त्याले त्याच्या जवायानं. जवाई लय हुशार हाय, इंजिनेर हाय."

वैनी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "हुशार हाय म्हनूनच दुसऱ्याचं लेहेलेलं पाठवून रायला."

मी कुंपणाजवळ सरकलो. "भाऊ, ही चौथी गोळी जुनी आहे. मुंबईचे पंकज फडणीस ती घेऊन थेट सुप्रीम कोर्टात गेले होते. कोर्टानं हाकलून नाही लावलं. 2017 मध्ये अमरेंद्र शरण या ज्येष्ठ वकिलांना न्यायमित्र नेमलं, त्यांनी जुने कागद तपासले. फेरतपास करण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत पडलं. मार्च 2018 मध्ये याचिका फेटाळली. खंडपीठावर कोण होतं? आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे."

"मंग पेपरवाल्याईनं तवा चार कायले छापल्या?"

"काहींनी छापल्या खऱ्या. 30 जानेवारी 1948, शुक्रवार, संध्याकाळचे सव्वापाच. प्रार्थनेला जमलेली गर्दी, पळापळ, रडारड. कोण मोजत बसणार? शिवाय शवविच्छेदन झालं नाही, बाहेरून तपासणी झाली. शंकेला तेवढी जागा राहिली. पण नोंद स्पष्ट आहे. तीन गोळ्या आत गेल्या, दोन आरपार बाहेर पडल्या, एक अंगातच राहिली. आता जखमा किती झाल्या?"

भाऊ बोटं मोजायला लागले. वैनींनी आधीच सांगून टाकलं, "पाच. आन् पाच जखमा पाहून चार गोळ्या सांगनारा मानूस माह्याकडं कापसाच्या हिशेबाले नोको."

एवढ्यात समोरचे नाना आले. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. फाइल बंद करणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा, त्यामुळं उघडी फाइल दिसली की त्यांना राहवत नाही.

"गोळ्या कायले मोजता राजेहो," नाना म्हणाले. "मांगचा हात पाहा. कोनी म्हनते इंग्रज, कोनी म्हनते अमेरिका, कोनी म्हनते दिल्लीतलेच आपले. एवढा मोठा मानूस असा फुकट मरते का?"

मला वाटतं, साऱ्या अफवांचं मूळ नानांच्या या शेवटच्या वाक्यात आहे. माणूस फार मोठा आणि त्याला मारणारे पुण्या-नगरकडचे चार-दोन सामान्य लोक, हे मनाला पटत नाही. एवढ्या मोठ्या मरणामागं तेवढंच मोठं कारस्थान पाहिजे, असं आपलं मन हटून बसतं.

"मागं हात होते ना, नाना," मी म्हटलं. "पण त्यांची नावं लपलेली नाहीत. कट होताच, आणि तो कोर्टात सिद्ध झाला. लाल किल्ल्यात खास न्यायालय बसलं, न्यायाधीश आत्माचरण. पुण्याच्या पेपरचा संपादक नथुराम गोडसे, त्याचा भागीदार नारायण आपटे. नगरला हॉटेल चालवणारा विष्णू करकरे. नथुरामचा भाऊ गोपाळ. निर्वासित मदनलाल पाहवा. ग्वाल्हेरचे डॉक्टर परचुरे. पुण्यात हत्यारं विकणारा दिगंबर बडगे, तो माफीचा साक्षीदार झाला, आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या. 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. पुढं हायकोर्टात परचुरे आणि किस्तय्या सुटले. 15 नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम आणि आपटेला फाशी झाली. पिस्तूल कुठून आलं, विमानाची तिकिटं कोणत्या खोट्या नावांनी काढली, सगळं कागदावर आहे."

"पन केनेडीचंही अजून नाई ना समजलं," भाऊंनी अमेरिकेला जवळ केलं.

"तिथली गोष्ट वेगळी. ज्याला पकडलं त्या ऑस्वाल्डला दोन दिवसांतच पोलिसांसमोर गोळी घातली गेली. खटलाच उभा राहिला नाही, म्हणून प्रश्न लोंबकळत राहिले. आपल्याकडं मारेकरी जागच्या जागी पकडला गेला. त्याला धरणाऱ्यांत बिर्ला हाउसचा माळी रघू नायक होता. मारेकऱ्यानं खून कबूल केला, भर कोर्टात लांबलचक निवेदन वाचलं. ज्यानं स्वतः 'मी मारलं' म्हणून सांगितलं, त्याच्या वतीनं आपण 'दुसऱ्यानं मारलं' म्हणून भांडायचं?"

नानांनी दुसरी फाइल काढली. "55 कोटी? थे तर खरं हाय का नाई? पाकिस्तानले पैसे द्या म्हनून गांधी उपाशी बसले, म्हनून मारलं."

"उपोषण 13 जानेवारीला सुरू झालं, 55 कोटी देण्याचा निर्णय 15 ला झाला, एवढं खरं. पण 25 जून 1934 ला पुण्यात गांधीजींच्या स्वागताच्या वेळी मोटारीवर बॉम्ब पडला, तेव्हा कुठं होते 55 कोटी? तेव्हा पाकिस्तानही नव्हतं. 1944 मध्ये पाचगणीत गोंधळ घातला, त्याच वर्षी आपल्या शेजारी सेवाग्रामला निदर्शक आले, त्यांच्यातल्या एकाजवळ सुरा सापडला. राग आधीचा, कारण मागून चिकटवलेलं."

सेवाग्रामचं नाव निघालं तसे भाऊ जरा थांबले. वर्धा आम्हाला लांब नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गांधीजी सेवाग्रामला यायचे होते, हे इकडच्या जुन्या माणसांना माहीत असतं. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे, ज्यांनी 1930 मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला, ते त्याच जानेवारीत बिहारचे राज्यपाल झाले होते. ही हत्या यवतमाळला दिल्लीइतकी दूरची कधीच नव्हती.

"गुरुजी, एक सांगा," वैनींनी सूप बाजूला ठेवलं. "बॉम्ब तं आंधीच फुटला होता ना त्या प्रार्थनेत? पोट्टीच्या पुस्तकात वाचलं मी."

"हो. 20 जानेवारीला. मदनलालनं फोडला, तो सापडला, बाकीचे पळाले."

"एक सापडला. आन् मारलं 30 तारखेले. मंग मधातले दहा दिवस पोलीस काय करून रायले होते?"

अंगणात क्षणभर कोणी बोललं नाही. मी म्हटलं, "वैनी, हा प्रश्न सरकारला विचारायला सोळा वर्षं लागली, तुम्ही सोल्याच्या सुपावर विचारला."

मग मी सांगितलं ते असं. मदनलालनं दिल्ली पोलिसांपुढं एका मराठी पेपरच्या संपादकाचा उल्लेख केला होता. पेपर कोणता, संपादक कोण, हे पुण्यात कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. इकडं मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालनं आधीच आपला बेत सांगितला होता. त्यांना ती बढाई वाटली. पण बॉम्बची बातमी वाचताच ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं धावले. मोरारजींनी ते पोलीस अधिकारी नगरवाला यांना सांगितलं. दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी मुंबईला आले आणि काही हाती न लागता परतले. मुंबईचा तपास कोणत्या वाटेनं गेला? गांधीजींना पळवून नेण्याचा कट आहे, या वाटेनं! 27 तारखेला नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी विमानात बसून दिल्लीला गेले, तरी पुण्याच्या संपादकाचा शोध लागलेला नव्हता.

"म्हंजे पोलिसाईनंच अफवा धरली?" भाऊ म्हणाले.

"तेच तर. भलतंच मोठं कारस्थान डोक्यात घेतलं आणि नाकासमोरचं लहान कारस्थान सुटलं. बंदोबस्त वाढवला होता, पण प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ द्यायला गांधीजी तयार नव्हते."

"मंग चौकशी कवा झाली?"

"निमित्त घडलं नोव्हेंबर 1964 मध्ये. जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे सुटला होता, त्यासाठी पुण्यात पूजा घातली गेली. तिथं लोकमान्यांचे नातू, पत्रकार ग. वि. केतकर बोलून गेले, की हे होणार हे मला आधी माहीत होतं, मी सरकारला कळवायचा प्रयत्नही केला होता. देशभर गदारोळ. तेव्हा मुख्यमंत्री कोण? गहुलीचे वसंतराव नाईक, आपल्या पुसद तालुक्यातले. केतकरांना अटक झाली, संसदेत आवाज उठला, आणि शेवटी न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग बसला. 101 साक्षीदार, 407 कागदपत्रं. 1969 मध्ये अहवाल आला. पोलीस आणि सरकार कुठं कुठं कमी पडलं, ते त्यात तपशिलानं आहे."

नाना हळूच म्हणाले, "आन् सावरकराईचं?"

"लाल किल्ल्यातल्या न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. बडगेच्या साक्षीला त्यांच्या बाबतीत स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. कपूर आयोगानं पुढं वेगळं लिहिलं, तेव्हा सावरकर हयात नव्हते. आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. एक बाजू निकालाचं पान दाखवते, दुसरी अहवालाचं. दोन्ही पानं पुरी वाचणारा मला अजून भेटायचा आहे."

भाऊंनी मोबाईलकडं पाहिलं. "मंग हे पाठवू का नोको?"

"तुमची मर्जी. पण 1948 मध्ये काय झालं ते ध्यानात ठेवा. आरोपी कोण ते ठरवायला पोलीस होते, कोर्ट होतं. जमावानं वाट पाहिली नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं कटाशी काही संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरं जाळली. गुन्हेगाराचं वर्तुळ मनानं मोठं करत गेलं, की त्यात शेवटी आपला शेजारी सापडतो."

भाऊंनी बोट उचललं, पण मेसेज गेला की पुसला, ते कुंपणापलीकडून मला दिसलं नाही. वैनींना दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "अन् साडभावाले सांगा, जवायाले म्हनाव हिशेब शिक."

30 जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटं मौन पाळतात. त्याच्या आगेमागे तुमच्याही मोबाईलवर कोणती तरी चौथी गोळी येईलच. भांडू नका, फक्त वैनींचा प्रश्न विचारा: 20 तारखेपासून 30 तारखेपर्यंत कोणी काय केलं? अफवेजवळ याचं उत्तर नाही. कपूर आयोगाच्या अहवालात आहे, आणि तो कोणीही वाचू शकतो.