अपत्य हुबेहूब आपल्यासारखे कसे घडवावे

मुलाला वळण लावण्यासाठी बोलायची गरज नसते. तरी बोलावे. त्याने आपले समाधान होते आणि तेवढा वेळ मूल निवांतपणे आपल्याकडे बघत बसते. खरी शिकवणी तेव्हाच चाललेली असते.

सुरुवात सोप्या पाठाने करावी. नको असलेल्या माणसाचा फोन आला, की ‘बाबा आंघोळीला गेलेत म्हणून सांग’ असे म्हणून तो मुलाच्या हातात द्यावा. पहिल्यांदा ते अडखळेल. दिवाळीपर्यंत गृहपाठाविषयी तितक्याच सफाईने बोलू लागेल. पुढचा पाठ स्कूटरवर. सिग्नल लाल दिसला, की आधी डावीकडे पोलीस आहे का पाहावे, मग निघावे. क्रम चुकवू नये.

पद्धत शास्त्रशुद्ध आहे, शंका नसावी. १९६१ साली अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुले घेतली. त्यातल्या काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बोबो बाहुलीला हातोडीने बडवले. पुढे खेळायला सोडल्यावर या मुलांनी तिला तसेच बडवले, वर त्याचे शब्दही जसेच्या तसे उच्चारले. त्यांना ‘असे कर’ म्हणून कोणीही सांगितले नव्हते. आपण तर पाढे सांगूनसांगून थकतो.

सिग्नलवर कधी दंड झालाच, तर मूल आता सुधारणार या भीतीने खचू नये. बांडुरांनी १९६५ साली तेही तपासले. फिल्ममधल्या मारकुट्याला शिक्षा झालेली पाहून मुलांनी त्याची नक्कल कमी केली खरी. पण करून दाखवल्यास बक्षीस मिळेल म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकेच करून दाखवले. पाठ झालेलाच होता, फक्त झाकून ठेवला होता.

आपल्या बारीकसारीक लकबी वाया जातील अशी चिंता करणाऱ्यांनी २००५ सालचा हॉर्नर आणि व्हाइटन यांचा प्रयोग ध्यानात घ्यावा. पेटीतून खाऊ काढून दाखवताना मध्ये मुद्दाम एक निरुपयोगी कृती घातली होती. पेटी पारदर्शक असताना चिंपांझींनी ती गाळून थेट खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र तीही इमानेइतबारे केली. तेव्हा रिमोट चालेना की तळहातावर दोनदा आपटणे, गाडी काढण्याआधी आरशात भांग नीट करणे, जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून ठेवणे, यातले काहीही घाईत उरकू नये. निरीक्षण चालू आहे.

मन लावून शिकवल्यास पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतेच. नेमक्या आपल्या आवाजात, आपल्याच हातवाऱ्यांसह, एखादा ठेवणीतला शब्द बाहेर पडतो. अशा वेळी ‘हे कुठून शिकलास रे?’ असे मोठ्याने विचारावे. संशय क्रमाने घ्यावा: बालवाडी, खालच्या मजल्यावरची पोरे, टीव्ही. एवढ्याने भागले नाही, तर मुलाचे आजोळ आहेच. पण बायको स्वयंपाकघरात गेल्याची आधी खात्री करावी. डावीकडे पाहण्याची सवय इथेही उपयोगी पडते.