फोटोपुरता रॅम्प

नॅकच्या मूल्यांकनाचा अहवाल अपलोड करायची मुदत परवावर आली, तोवर कॉलेजात जे व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं. भिंतींना रंग लागला, कुंड्यांना गेरू लागला, ग्रंथालयातल्या विश्वकोशावरून बऱ्याच वर्षांनी फडकं फिरलं. मग दुपारच्या चहाला कुणाच्या तरी लक्षात आलं की सातव्या निकषातलं ७.१.७ तसंच राहिलंय. दिव्यांगस्नेही, अडथळाविरहित परिसर. रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, परीक्षेला लेखनिक वगैरे वगैरे. पुराव्यादाखल जिओ-टॅग केलेले फोटो जोडावेत.

लगेच स्टोअर उघडलं. व्हीलचेअर निघाली. तिच्या हातांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, ते फाडायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि ‘बिल ऑडिटला दाखवायचंय, राहू द्या’ असं ठरलं. आता बसायचं कुणी? कॉलेजात चाकाच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी आहे, पण त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो, त्यामुळं तो फक्त परीक्षेला येतो. शेवटी शिपाई मामांना बसवलं.

‘मामा, पाय जरा सैल सोडा.’

‘मामा, हसू नका. दिव्यांग वाटलं पाहिजे.’

‘नाही नाही, हसू द्या. समावेशक वातावरण आहे आपल्याकडं.’

मामा अर्धवट हसले. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश १८, रेखांश ७६, तारीख, वेळ सगळं उमटलं. खुर्ची परत स्टोअरमध्ये गेली, मामा परत चहा आणायला गेले.

हे कॉलेज कुठलं, असं विचारू नये. कळंब, भूम, परंडा, वाशी, तुळजापूर, लोहारा, उमरगा नाहीतर खुद्द धाराशिव, कुठल्याही स्टँडवर उतरा आणि रिक्षावाल्याला ‘कॉलेजला सोड’ म्हणा. तो जिथं नेईल तेच.

आमचा जिल्हा आकांक्षित आहे. २०१८ साली नीती आयोगानंच तशी निवड केली, त्यामुळं आमच्या आकांक्षा सरकारमान्य आहेत. कायदाही उत्तम आहे. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. आधी सात प्रकारची अपंगत्वं मोजली जात, ती एकवीस झाली. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट, सरकारी नोकरीत तीनाचे चार टक्के. नियम जून २०१७ मध्ये आले, आणि त्यापुढच्या पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून २०२२ पर्यंत. मुदत गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आमच्याकडं पाऊससुद्धा वेळेवर येत नाही. कायद्यात मला दिसते ती खोट एवढीच, की त्यानं मागितलेल्या गोष्टींतल्या निम्म्या फोटोत येत नाहीत. आणि जे फोटोत येत नाही, ते आमच्या कॉलेजात होत नाही.

रॅम्प फोटोत येतो, म्हणून रॅम्प झाला. नियमानं एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. बारा फूट सोडले तर प्राचार्यांच्या गाडीला जागा उरत नव्हती, म्हणून गवंड्यानं चारात भागवलं. त्यावरून मोटारसायकल झकास चढते, पहिल्या गिअरमध्ये. रॅम्प संपतो तिथं चार बोटांचा उंबरा आहे, तो वास्तुशास्त्राप्रमाणं. दिव्यांगांचं स्वच्छतागृहही आहे. दारावर निळी पाटी, दाराला कुलूप, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. किल्ली मामांकडं.

वर्ग खाली आणणं मात्र फोटोत येत नाही. एका पोरासाठी बी.ए. तृतीय वर्षाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायला सिमेंट लागत नाही, अनुदान लागत नाही, फळ्यावर एक ओळ लिहावी लागते. तसा अर्ज त्या पोरानं दिला. उत्तर आलं, ‘तृतीय वर्षाचा वर्ग पहिल्यापासून वरच भरतो.’ प्रथम वर्ष खाली, द्वितीय मधे, तृतीय वर. शिक्षण घेत माणूस वर जातो, हे त्यातून सुचवायचं असावं.

समान संधी कक्ष आहे. तो असावाच लागतो, म्हणून आहे. समन्वयक आहेत, पण त्यांच्याकडं एन.एस.एस., वृक्षारोपण, मतदार जागृती आणि क्रीडा विभागाची चावी एवढं सगळं असल्यानं ते सहसा झाडांकडं असतात. या कक्षानं मध्यंतरी ‘दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अत्यंत महत्त्वाची सूचना’ काढली. सूचना छापली, सही-शिक्का झाला, मग मोबाईलवर तिचा तिरका फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दृष्टिहीन मुलांच्या फोनमध्ये नाहीतर संगणकात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. एन.व्ही.डी.ए. तर फुकट मिळतं, मराठीही वाचतं. पण त्याला अक्षरं लागतात, अक्षरांचा फोटो नाही. एका पोरानं नम्रपणे विचारलं, सर, हेच टाइप करून पाठवाल का? सरांनी मूळ फाइल पाठवली. ती कृतिदेवमध्ये. कृतिदेव म्हणजे वरून मराठी आणि आतून इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये नसलेला तो मजकूर सॉफ्टवेअरनं इमानदारीत वाचला, आणि पोराला पाच मिनिटं अगम्य भाषेत काहीतरी ऐकू आलं. परिपत्रक आहे म्हटल्यावर त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लेखनिकाचं प्रकरण जरा सावकाश सांगण्यासारखं आहे.

येडशीच्या रामलिंग अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून शेकडो किलोमीटर चालत आला आणि कॅमेऱ्यात सापडला. मार्च-एप्रिलात जिल्ह्यात लेखनिक शोधायचा तर अजून तसा कॅमेरा निघालेला नाही. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात लिहीत नाही, त्याला पेपर लिहायला माणूस मिळावा ही कायद्यातली गोष्ट. पण हा माणूस शोधायचा कुणी? विद्यार्थ्यानं. तो आपल्यापेक्षा खालच्या इयत्तेचा पाहिजे, त्याचं ओळखपत्र पाहिजे, बोनाफाइड पाहिजे, अर्जावर त्याच्या प्राचार्यांची सही पाहिजे. द्वितीय वर्षाची मुलं धरावीत तर त्यांचे पेपर त्याच आठवड्यात. अकरावीचं पोरगं धरावं तर त्याचा बाप म्हणतो, ज्वारी काढायला माणूस मिळंना आन् तुमाला लिव्हायला पाहिजे. शेवटी मावसभावाच्या शेजारचा मुलगा तयार होतो. जाण्यायेण्याचं भाडं, दुपारी वडापाव आणि शेवटच्या पेपरला सिनेमा, या बोलीवर.

राज्यशास्त्राच्या पेपरला आमच्या त्या कृतिदेव ऐकलेल्या पोरानं सत्ताविभाजनाचा सिद्धांत सांगायला घेतला. ‘माँटेस्क्यूने’ असं तो म्हणाला. लेखनिकानं थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘मोंटू शिकूने’. पुढची चार पानं मोंटू शिकूनं कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ वेगळं ठेवलं. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवल्यावर हे उघडकीला आलं. तपासणाऱ्यानं तरीही निम्मे गुण दिले होते. मोंटू स्थानिक विचारवंत असावा असं त्यांना वाटलं असेल.

आता जादा वेळ. तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दोनला सुरू झालेला पेपर पाचला सगळ्यांचा संपतो, आमच्या पोराचा सहाला. पाच ते सहा हा तास परीक्षेच्या शास्त्रात फार अवघड मानला जातो, कारण त्या वेळेत पर्यवेक्षकांची एसटी सुटते. पाच वाजून दहा मिनिटांनी पंखा बंद होतो. सव्वापाचला मामा झाडू घेऊन दारात उभे राहतात. साडेपाचला पर्यवेक्षक प्रेमानं जवळ येतात, ‘बाळा, झालं का रे? आता काय नवीन आठवणार तुला?’ पावणेसहाला पोरगा उठतो. नोंदवहीत लिहिलं जातं, विद्यार्थ्याने जादा वेळेचा लाभ घेतला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं, तरी ज्याला लिहिताच येत नाही त्याला लेखनिक नाकारता येणार नाही. हा निकाल एकानं कार्यालयात नेऊन दाखवला. बाबूसाहेबांनी चष्मा लावून तो वाचला, उलटून मागं पाहिलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. पण ह्याच्यावर आवक नंबर कुठंय?’

लेखनिकांची यादी करून ठेवायला एक वही पुरते. खालच्या वर्गातल्या वीस पोरांना विचारायचं, नावं लिहायची, जूनमध्ये. पण वहीचा फोटो काय काढणार?

तीन डिसेंबरचा येतो. जागतिक दिव्यांग दिन. मंडप, शाल, श्रीफळ, पाहुणे. व्यासपीठ चार फूट उंच आणि त्याला पायऱ्या आठ. सत्कारमूर्ती खाली. पाहुण्यांनी दोन पावलं उतरून यायचं, हा मार्ग कुणाला सुचत नाही असं नाही, पण खाली उजेड बरा नसतो. म्हणून एन.एस.एस.चे चौघे पुढं होतात आणि खुर्चीसकट पोराला उचलतात. टाळ्या पडतात. उचलणाऱ्यांचाही फोटो येतो. वर्षातून एकदा वर चढल्यावर पाहुणे त्याला जिद्दीविषयी अर्धा तास सांगतात, आणि तो ऐकून घेतो, कारण उतरवणारे चौघे जेवायला गेलेले असतात.

आता नोकरीचं. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शनात प्रांजल पाटील यांचं नाव निघाल्याशिवाय सत्र संपत नाही. उल्हासनगरची मुलगी, सहाव्या वर्षी दृष्टी गेली, सेंट झेवियर्समधून शिकली, पुढं जे.एन.यू., मग आय.ए.एस., २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी. ‘ती करू शकते, तर तू का नाही?’ असं मार्गदर्शक विचारतात आणि घड्याळाकडं पाहतात. मधला भाग ते सोडतात. २०१६ च्या निकालात त्या ७७३ व्या आल्या, रेल्वेच्या लेखा सेवेत निवड झाली आणि मग संपूर्ण अंधत्व म्हणून ती सेवा नाकारली गेली. पुढच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक काढला तेव्हा दार उघडलं. म्हणजे डोळस माणसाला एकदा पास व्हावं लागतं ते त्यांना दोनदा व्हावं लागलं. पोरांना खरं मार्गदर्शन यात आहे, पण ते सांगितलं तर ‘तू का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर पोरं देऊ लागतील.

तोवर पोट भरायला स्थानिक स्वराज्य संस्थांचा पाच टक्के निधी आहे. तो वर्षभर झोपतो आणि मार्चमध्ये दचकून उठतो. मग वाटप होतं: शिलाई मशीन, पिठाची गिरणी, झेरॉक्स मशीन. राज्यशास्त्रात एम.ए. झालेल्याला झेरॉक्स मशीन मिळतं आणि तो लोकांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांच्या प्रती काढत बसतो. त्यांतली खरी किती, ते त्याला कळतं, पण मशीनला कळत नाही. धडधाकट माणसानं प्रमाणपत्र आणून बदली टाळायची आणि खऱ्यानं दर वेळी वैद्यकीय मंडळापुढं पाय दाखवायचा, ही कामाची वाटणी राज्यात इतकी पक्की झाली की शासनाला कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरपडताळणी काढावी लागली. त्या रांगेतही खरेच आधी उभे होते. त्यांना सवय आहे.

तरीही आमचं ते कृतिदेव ऐकलेलं पोरगं चिवट निघालं. पदवी झाली, भरती निघाली, एक जागा दृष्टिहीनांसाठी राखीव. अर्ज ऑनलाइन. त्यानं कानाला इयरफोन लावून सगळा अर्ज स्वतः भरला. शेवटी एक चौकोन आला, ‘खालील चित्रातील अक्षरे जशीच्या तशी लिहा आणि आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा.’ ऐकू येणारा पर्याय नव्हता. मग काठी घेऊन स्टँडसमोरच्या इंटरनेटवाल्याकडं गेला. ‘कुठं जालालास इतक्या उन्हात?’ म्हणत त्यानं बसवलं, अक्षरं टाकून दिली, पन्नास रुपये सांगितले. मग फोटोचा रकाना आला. तिथंच भिंतीपुढं उभं करून त्यानं फोटो काढला, अपलोड केला आणि स्क्रीन पोराकडं वळवली.

‘बघ, बरोबर आलाय का?’

‘एक नंबर आलाय,’ पोरगं म्हणालं. ‘दाबा सबमिट.’