अजून दोन फूट आहेत

पावसाळ्यात सांगलीतली दोन माणसं भेटली की आधी ‘आयर्विनला किती?’ आणि मग तब्येत. 1929 साली कृष्णेवर उभ्या राहिलेल्या या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. प्रशासनाच्या हिशेबात चाळीस म्हणजे सामान आवरायला घ्या. गावभागातल्या काकांच्या हिशेबात चाळीस म्हणजे छत्री घेऊन पाणी बघायला चला. चहाच्या गाड्यावर कोयना धरणातून किती सोडलंय, अलमट्टी धरणाचा फुगवटा कुठवर आलाय, यावर भांडण रंगतं. क्युसेकचे आकडे तिथं भजीच्या ऑर्डरीपेक्षा जोरात सुटतात.

घर सोडायचं की नाही, हे मात्र वेगळ्याच कागदावर ठरतं. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, तेव्हा ते काकांच्या तिसऱ्या पायरीला टेकून परतलं. त्या पायरीला काकांनी तेव्हापासून खरेदीखताचा दर्जा दिला. ‘याच्या पुढं काय येत नाही ओ!’ ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फूट ओलांडून गेली. खतावर नदीची सही घ्यायची राहून गेली होती.

बरं, काकांना हसणं सोपं आहे. फ्रिज पलंगावर, पलंग विटांवर, धान्याचे डबे माळ्यावर, एवढा पसारा उचलल्यावर ‘आता निघा’ म्हणणाऱ्याचा राग येणारच. निघून जायचं कुठं? शाळेतल्या निवारा केंद्रात की मिरजेच्या मेहुणीकडे? चार दिवस म्हणून गेलेला पाहुणा आठव्या दिवशी कसा दिसतो, हे काका जाणून असतात. नदीकाठच्या खेड्यात तर गोठ्यात म्हैस असते. महिन्याचं घर जिच्या दुधावर चालतं, तिला दावणीला सोडून नावेत कोण बसेल?

पण सगळेच शेवटच्या घटकेला निघाले की नाव कमी पडते. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला खचाखच भरलेली नाव उलटली आणि माणसं बुडाली. तिथं विनोद थांबतो.

नृसिंहवाडीची तऱ्हा निराळी. पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून दक्षिणद्वारानं बाहेर पडू लागलं की तिथं स्नानाला गर्दी लोटते. पूर हाच जिथं सोहळा, तिथं भोंग्यावरच्या सूचनेला कोण भिणार? गंमत म्हणजे पाणी चढू लागताच उत्सवमूर्ती मात्र रीतसर वर सुरक्षित जागी हलवतात. देवाच्या बाबतीत कुणी ‘बघू, उद्या ठरवू’ म्हणत नाही.

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा चढू लागली. काकूंनी कागदपत्रं, गोळ्या, मोबाईलचा चार्जर पिशवीत भरला आणि चपला घातल्या.

“अगं, अडतीसच तर आहे,” काका म्हणाले. “इशाऱ्याला अजून दोन फूट आहेत.”

“मग त्या दोन फुटांत तुम्ही बसा. मी निघाले मिरजेला.”